इलॉन मस्कचा प्रभाव खरंच किती आहे, हे स्वतः कसं तपासायचं

मस्कबद्दल दोन वाक्यं मी सारखी ऐकतो. एक, "त्यानेच ट्रम्पला निवडून आणलं". दुसरं, "अरे तो नुसता बोलतो, त्याच्याने काही होत नाही". आमच्या घरच्या ग्रुपवर ही दोन्ही वाक्यं एकाच दिवशी येतात, भाचा ह्यूस्टनला असतो तो पहिलं टाकतो, नाशिकचे काका दुसरं टाकतात, मग रात्री अकरापर्यंत दोघं एकमेकांना लिंका पाठवत बसतात आणि कुणाचंच मत जरासुद्धा हलत नाही. मला स्वतःला ह्या माणसाच्या हातात जे जे गोळा झालंय त्याची मनापासून काळजी वाटते, आणि म्हणूनच वाटतं की मोजताना आपण ढिलाई करू नये. फुगवून सांगितलं तर आपणच त्याला अजून मोठा करतो, आणि उडवून लावलं तर जिथे त्याने खरंच हात घातलाय तिकडे आपलं लक्षच जात नाही.

२०२२ मध्ये त्याने ट्विटर घेतलं तेव्हापासून मी एक साधी वही ठेवलीय, दोनशे पानी, त्यात तारीख, त्याने काय केलं, आणि त्यानंतर कुणाचं काय बदललं एवढंच लिहितो. ती कशी भरायची ते इथे सांगतो. पद्धत कुणाही पैसेवाल्याला लावता येईल पण मी सगळी उदाहरणं मस्कचीच घेतोय, कारण त्याचं बरंचसं सगळ्यांच्या डोळ्यादेखत झालंय.

आधी तीन गोष्टी वेगळ्या करा

बहुतेक भांडणं होतात ती ह्यामुळे की "प्रभाव" ह्या एका शब्दात आपण तीन वेगळ्या गोष्टी कोंबतो. मी त्यांना पोच, वजन आणि ताबा म्हणतो. पोच म्हणजे त्याचं बोलणं किती जणांच्या डोळ्यासमोर गेलं. वजन म्हणजे ते ऐकून, किंवा त्याच्या पैशामुळे, किंवा त्याच्या भीतीने, कुणी आपला निर्णय बदलला का. आणि ताबा म्हणजे जिथे त्याला कुणाला पटवायची गरजच नाही, कारण यंत्रणाच त्याची आहे किंवा सही करायचा अधिकार त्याच्याकडे आहे. वहीत पानाचे तीन भाग करा आणि कुठलीही बातमी आली की आधी ठरवा ती कुठल्या भागात जाते. हे केलं की अर्धा गोंधळ तिथेच संपतो, खरंच सांगतो.

पोच: व्ह्यूजच्या आकड्यावर लगेच विश्वास ठेवू नका

त्याचे फॉलोअर्स २० कोटींच्या वर आहेत, आणि प्रत्येक पोस्टखाली व्ह्यूजचा आकडा दिसतो, ही सोय त्याने डिसेंबर २०२२ मध्ये आणली. पण व्ह्यू म्हणजे वाचलं असं नाही हो. अंगठ्याने वर सरकवताना पोस्ट स्क्रीनवर येऊन गेली तरी व्ह्यू, आणि तुम्ही तीच पोस्ट परत बघितली तर परत मोजली जाऊ शकते. अमेरिकेतल्या निवडणुकीआधी, ऑगस्ट २०२४ मध्ये, सेंटर फॉर काउंटरिंग डिजिटल हेट ह्या संस्थेने त्याच्या त्या वर्षातल्या निवडणुकीबद्दलच्या ५० चुकीच्या किंवा दिशाभूल करणाऱ्या पोस्ट मोजल्या, त्यांना मिळून जवळजवळ १२० कोटी व्ह्यूज होते. आकडा ऐकून धडकी भरते. पण प्यू रिसर्च ह्या तिथल्या पाहणी संस्थेप्रमाणे अमेरिकेतल्या प्रौढांपैकी साधारण पाचातला एक जण एक्स (ट्विटरचं आताचं नाव) वापरतो, आणि तिथून नियमित बातम्या घेणारे एकूण प्रौढांपैकी साधारण १२ टक्के. म्हणजे तीच माणसं तेच तेच परत परत बघतायत, आणि त्यात भारतातले आपण पण आलो ज्यांना तिथे मतच नाही. दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहा, एकटा १२० कोटीचा आकडा ग्रुपवर टाकू नका.

पोचीतला दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे: ही पोच त्याने कमावली का मालक म्हणून स्वतःला वाढून घेतली? इथे तीन नोंदी माझ्या वहीत आहेत. फेब्रुवारी २०२३ मध्ये प्लॅटफॉर्मर ह्या बातमीपत्राने आतल्या लोकांच्या हवाल्याने छापलं की सुपर बोलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या, दिवशी बायडनच्या ट्वीटला त्याच्यापेक्षा जास्त व्ह्यूज मिळाले म्हणून रातोरात इंजिनियर कामाला लावले आणि त्याच्या ट्वीटना हजारपट जोर दिला गेला. मग ३१ मार्च २०२३ ला कंपनीने शिफारस करणाऱ्या अल्गोरिदमचा काही भाग सगळ्यांना खुला केला तेव्हा लोकांना त्यात लेखक इलॉन आहे का हे वेगळं नोंदवणारी ओळ सापडली, कंपनी म्हणाली ती फक्त आकडे बघायला होती, आणि लगेच काढून टाकली. तिसरी म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांचा अभ्यास, त्यांना दिसलं की १३ जुलै २०२४ च्या आसपास, म्हणजे त्याने ट्रम्पला उघड पाठिंबा दिला त्याच सुमाराला, त्याच्या पोस्टचे व्ह्यूज एकदम १३८ टक्क्यांनी वाढले.

आता ह्या तीन नोंदींना सारखं वजन देऊ नका. पहिली आतल्या माणसांनी सांगितलेली. दुसरी डोळ्यांनी बघितलेली, पण तिचा अर्थ दोन्ही बाजूंनी लावता येतो. तिसऱ्यात आकडे पक्के, पण वाढ कशामुळे झाली ते धूसर, कारण त्याच दिवशी पेनसिल्व्हेनियातल्या बटलरला ट्रम्पवर गोळी झाडली गेली होती आणि सगळी अमेरिकाच फोनला चिकटली होती, ते संशोधक इतर मोठ्या अकाउंटशी तुलना करतात खरी पण आत जाऊन यंत्र बघायची सोय त्यांनाही नव्हती. आणि ही सोय नसणं ही गोष्ट स्वतंत्रपणे नोंदवा. २०२३ च्या सुरुवातीला एक्सने, म्हणजे तेव्हाच्या ट्विटरने, डेटा फुकट देणं बंद केलं आणि कितीतरी विद्यापीठांतलं संशोधन तिथल्या तिथे थांबलं. डिसेंबर २०२५ मध्ये युरोपियन कमिशनने १२ कोटी युरोचा दंड ठोकला, त्यात संशोधकांना डेटा न देणं हे एक कारण होतं, जाहिरातींची नोंद नीट न ठेवणं दुसरं, आणि ब्लू टिकने लोकांची फसवणूक होते हे तिसरं. जिथे तपासायचा रस्ताच बंद केलाय तिथे "पुरावा नाही" म्हणजे "झालं नाही" असं होत नाही, आणि "झालंच" असंही होत नाही. वहीत मी तिथे पेन्सिलने लिहितो, पेनाने नाही.

ब्लू टिकचं थोडक्यात सांगतो. नोव्हेंबर २०२२ च्या आधी टिक म्हणजे हा माणूस तोच आहे याची खात्री. त्यानंतर ८ डॉलर भरले की टिक. पहिल्याच आठवड्यात एली लिली ह्या औषध कंपनीच्या नावाने कुणीतरी टिकवालं खोटं अकाउंट काढून इन्सुलिन फुकट केलंय असं लिहिलं, आणि कंपनीला माफी मागत फिरायला लागलं. पैसे भरणाऱ्यांचे रिप्लाय वर दिसतात, त्यामुळे मस्कच्या पोस्टखाली पहिले पन्नास रिप्लाय त्याची वाहवा करतायत म्हणजे जनमत त्याच्या बाजूला आहे असं समजू नका. नोव्हेंबर २०२५ पासून अकाउंट कुठल्या देशातून चालतं ते प्रोफाइलवर बघता येतं, अमेरिकन देशभक्तीची कितीतरी मोठी अकाउंटं भलत्याच देशातली निघाली, तेव्हा रिप्लाय देणारा कोण ते जरूर बघा, फक्त व्हीपीएनमुळे, म्हणजे आपली खरी जागा लपवायच्या सोयीमुळे, ते चुकू शकतं एवढं लक्षात ठेवा.

आणि कम्युनिटी नोट्सबद्दल, म्हणजे पोस्टखाली वापरणाऱ्यांनीच जोडायच्या दुरुस्तीच्या टिपांबद्दल, एक गैरसमज. ती मस्कची कल्पना नाही, जानेवारी २०२१ मध्ये बर्डवॉच नावाने ती सुरू झाली होती, त्याने ती वाढवली हे खरं. तिचं काम असं चालतं की एरवी ज्यांची मतं जुळत नाहीत अशा दोन्हीकडच्या लोकांनी एखादी नोट उपयोगी आहे म्हटलं तरच ती सगळ्यांना दिसते. कल्पना चांगली आहे, मला आवडते. पण जिथे दोन तट अगदी कट्टर आहेत तिथे एकमत होतच नाही आणि नोट दिसतच नाही, वर सांगितलेल्या ५० पोस्टपैकी एकीवरही ती दिसत नव्हती. म्हणून "नोट नाही म्हणजे खरं असेल" हा हिशोब सोडून द्या.

वजन: आधीचा आकडा आधी लिहा

इथे सगळ्यात जास्त मेहनत आहे आणि इथेच लोक सगळ्यात जास्त घाई करतात. नियम एकच, त्याने हात घालायच्या आधी परिस्थिती काय होती ते पहिल्यांदा लिहायचं, मग नंतरची.

जर्मनी घ्या. २० डिसेंबर २०२४ ला त्याने लिहिलं की फक्त एएफडीच (तिथला कट्टर उजवा पक्ष) जर्मनीला वाचवू शकते. मग एका मोठ्या रविवारच्या वर्तमानपत्रात त्याच अर्थाचा लेख आला, तिथल्या अभिप्राय पानांच्या प्रमुख बाईंनी राजीनामा दिला, ९ जानेवारीला त्याने पक्षाच्या नेत्या अॅलिस वायडेल यांच्याशी एक्सवर लाइव्ह गप्पा मारल्या, जगभर मथळे. २३ फेब्रुवारीला एएफडीला २०.८ टक्के मतं पडली, २०२१ मध्ये साधारण १० टक्के होती, म्हणजे दुप्पट! बघा, इथेच माणूस फसतो. कारण मस्कच्या पोस्टच्या आधीच्या सर्व्हेंमध्ये तो पक्ष १८ ते २० टक्क्यांवर होताच, वाढ आधीच होऊन गेली होती, निर्वासितांचा प्रश्न, महागाई, पूर्वेकडच्या राज्यांतली जुनी नाराजी ह्या सगळ्यावर. मतांच्या रकान्यात मस्कसाठी मी फार तर एखादा टक्का लिहीन, तोही पेन्सिलने. पण दुसऱ्या रकान्यात, म्हणजे ज्या पक्षाला बाकीचे सगळे लांब ठेवत होते त्याला जगातल्या सगळ्यात श्रीमंत माणसाने आपल्या शेजारी बसवलं, तिथे परिणाम आहे, आणि तो टक्क्यात मोजता येत नाही.

मग विस्कॉन्सिन, हे उदाहरण मी सगळ्यांना सांगतो. तिथे राज्याच्या सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश मतदानाने निवडतात. १ एप्रिल २०२५ च्या निवडणुकीत मस्क आणि त्याच्याशी जोडलेल्या गटांनी ब्रॅड शिमेल यांच्यासाठी २ कोटी डॉलरच्या वर पैसे ओतले, तो स्वतः ग्रीन बे शहरात गेला, डोक्यावर तिथली ती चीजची टोपी घातली, स्टेजवरून दोन मतदारांना दहा दहा लाख डॉलरचे चेक दिले. शिमेल साधारण १० टक्क्यांनी हरले. सुझन क्रॉफर्ड जिंकल्या, आणि त्यांच्या बाजूने सगळा प्रचारच मस्कच्या नावाने झाला होता, म्हणजे तो ज्यांच्या बाजूने उभा राहिला त्यांना त्याचं ओझंच झालं असणार असं मानायला जागा आहे. काका म्हणतात बघ, मी म्हटलं नव्हतं का. थांबा काका.

कारण २०२४ ची अध्यक्षीय निवडणूक आहे, तिथे त्याने एकूण साधारण २९ कोटी डॉलर लावले, हे फेडरल इलेक्शन कमिशनच्या साइटवर कुणालाही बघता येतं आणि मी म्हणेन एकदा स्वतः बघाच, नाव टाकून शोधता येतं. अमेरिका पॅक नावाची त्याची संस्था निर्णायक राज्यांत, म्हणजे जिथे निकाल कुठेही झुकू शकतो अशा राज्यांत, दारोदार माणसं पाठवत होती, आणि त्यांच्या अर्जावर सही करणाऱ्या मतदारांपैकी एकाला रोज १० लाख डॉलर देत होती. ट्रम्प सातही निर्णायक राज्यं जिंकले, पेनसिल्व्हेनियात फरक साधारण १ लाख २० हजार मतांचा. भाचा म्हणतो एवढा कमी फरक म्हणजे मस्कनेच केलं. पण त्याच निवडणुकीत सत्ताधारी पक्षाच्या उमेदवार कमला हॅरिस यांनी १०० कोटी डॉलरच्या वर पैसे उभे केले होते. महागाईवरून लोक चिडलेले होते, आणि ती चीड फक्त अमेरिकेत नव्हती, २०२४ मध्ये ब्रिटनमध्ये सत्ताधारी पडले, आपल्याकडे भाजप ३०३ वरून २४० वर आला, महाराष्ट्रात तर २३ वरून ९ वर, तिथे मस्कचा काय संबंध? ज्या वर्षी वाराच सत्ताधाऱ्यांच्या विरुद्ध होता त्या वर्षी शिडात फुंकर मारणाऱ्याला सगळं श्रेय देता येत नाही. त्याने मदत केली का, हो केली. त्याच्याशिवाय हरले असते का, हे सिद्ध झालेलं नाही. ५ जून २०२५ ला त्या दोघांचं जाहीर भांडण झालं तेव्हा मस्क स्वतःच म्हणाला की मी नसतो तर ट्रम्प हरले असते, पण एखाद्याचा स्वतःबद्दलचा दावा हा पुरावा म्हणून वहीत लिहायचा नसतो, दावा म्हणूनच लिहायचा.

मग वजन आहे कुठे? माझ्या मते ते सगळ्यात स्पष्ट दिसलं १८ डिसेंबर २०२४ ला, आणि ह्या दिवसावर मला जरा थांबायचंय, कारण माझं सगळं म्हणणं इथे आहे. अमेरिकन संसदेत सरकारचा खर्च चालू ठेवायचं १,५४७ पानांचं विधेयक होतं, दोन्ही पक्षांचं ठरलेलं, स्पीकर माइक जॉन्सन यांनी आणलेलं. मस्कने त्या एका दिवसात १५० च्या वर पोस्ट टाकल्या. त्यात चुकीची माहिती पण होती, खासदारांचा पगार ४० टक्के वाढणार असं त्याने पसरवलं, प्रत्यक्षात जास्तीत जास्त ३.८ टक्के वाढू शकत होता. आणि त्याने लिहिलं की जो खासदार ह्याला मत देईल त्याला दोन वर्षांत घरी बसवायला पाहिजे. संध्याकाळपर्यंत ते विधेयक मेलं होतं.

इथे त्याने किती मतदारांचं मन वळवलं? वळवलं असेल नसेल, त्याला गरजच नव्हती. त्याला फक्त सुमारे दोनशेवीस रिपब्लिकन (ट्रम्पच्या पक्षाच्या) खासदारांपैकी काही डझन लोकांच्या मनात भीती घालायची होती. आपल्याकडे तिकीट कापलं जाईल ही भीती आमदाराला काय करायला लावते हे आपल्याला नव्याने सांगायला नको, तिकडे तिकीट पक्षाचा अध्यक्ष देत नाही, प्रायमरी नावाची पक्षातल्या पक्षात निवडणूक होते, तिला लोक कमी येतात, आणि तिथे एखाद्या बंडखोराच्या मागे कुणी कोट्यवधी डॉलर उभे केले तर बसलेला खासदार पडू शकतो. म्हणजे मस्कचं वजन विस्कॉन्सिनच्या शेतकऱ्यावर चाललं नाही पण वॉशिंग्टनमधल्या खासदारावर चाललं, कारण खासदाराला गमवायला काहीतरी आहे आणि त्याला मस्कच्या पाकिटाची खोली माहीत आहे. म्हणून माझ्या वहीत सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हा असतो: कोण घाबरलं? किती लोकांनी बघितलं हा नंतरचा.

हे पण पूर्ण लिहायचं तर त्याच दिवशी दुपारी ट्रम्प आणि त्यांचे होऊ घातलेले उपाध्यक्ष व्हान्स यांनीही विधेयकाविरुद्ध निवेदन काढलं होतं, त्यामुळे सगळं श्रेय एकट्या मस्कला जात नाही. आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या पसंतीचं नवीन विधेयक १७४ विरुद्ध २३५ असं पडलं, ३८ रिपब्लिकन विरोधात गेले. मोडायची ताकद दिसली, उभं करायची ताकद तेवढी दिसली नाही. जुलै २०२५ मध्ये त्याने अमेरिका पार्टी नावाचा पक्ष काढतोय म्हणून जाहीर केलं, त्याचंही पुढे काही उभं राहिलं नाही, तेही ह्याच रकान्यात लिहा.

ताबा: इथे पटवायची गरज नसते

४४ अब्ज डॉलर देऊन २७ ऑक्टोबर २०२२ ला त्याने ट्विटर घेतलं, त्यात साधारण १३ अब्ज बँकांचं कर्ज. पहिल्याच रात्री सीईओ पराग अग्रवाल यांना काढलं, आपल्या पवईच्या आयआयटीतून शिकून गेलेला माणूस. आठवड्याभरात निम्मी माणसं कमी केली, पुढे त्याने स्वतःच सांगितलं की आठ हजारांच्या जरा खालून आता दीड हजारावर आलोत. १९ नोव्हेंबरला ट्रम्प यांचं बंद केलेलं अकाउंट परत चालू केलं, पोल घेऊन, ५१.८ टक्के हो म्हणाले. तो पोल लोकशाही वगैरे नव्हता, पोल घ्यायचा की नाही, कशावर घ्यायचा आणि निकाल मानायचा का, तिन्ही निर्णय एकाच माणसाचे. ताबा ओळखायचा असेल तर हेच बघा, नाही म्हणायचा अधिकार दुसऱ्या कुणाला होता का. मार्च २०२५ मध्ये त्याच्याच एक्सएआय कंपनीने एक्स विकत घेतलं, म्हणजे आता तुमच्या आमच्या पोस्ट आणि ग्रोक हा चॅटबॉट एकाच घरात आहेत, आणि लोक बातमी खरी का खोटी हे ग्रोकलाच विचारतात, त्यामुळे उत्तर देणारं यंत्र कुणाच्या मालकीचं आहे हे पानावर लिहून ठेवा.

पण सगळ्यात मोठं उदाहरण सरकारातलं. २० जानेवारी २०२५ ला ट्रम्प यांनी डोजचा, म्हणजे सरकारी खर्च कापायच्या नव्या विभागाचा, आदेश काढला, मस्क विशेष सरकारी कर्मचारी म्हणून आत गेला, वर्षात १३० दिवसांची मर्यादा असलेलं ते पद, कुणी निवडून दिलं नाही, सिनेटने मंजूर केलं नाही. निवडणुकीआधी तो म्हणत होता किमान २ ट्रिलियन वाचवू, म्हणजे २ लाख कोटी डॉलर. मग १ लाख कोटी. एप्रिलमध्ये १५ हजार कोटींवर आला. आणि जी बचत वेबसाइटवर दाखवली त्यात ८ अब्ज डॉलरचं म्हणून दाखवलेलं एक कंत्राट मुळात ८० लाखांचं होतं. मग काय, सगळं फुसकं? नाही. कारण युएसएड, १९६१ पासून जगभर औषधं आणि अन्न पोचवणारी अमेरिकन सरकारची संस्था, काही आठवड्यांत मोडली गेली आणि १ जुलै २०२५ ला उरलंसुरलं परराष्ट्र खात्यात विरलं. बचतीचा दावा खोटा ठरला म्हणून परिणाम खोटा ठरत नाही. मला ह्या नोंदीचा सगळ्यात जास्त त्रास होतो, कारण त्या कार्यक्रमांवर एचआयव्हीच्या गोळ्यांसाठी अवलंबून असलेली माणसं आफ्रिकेत होती आणि त्यांना ह्या सगळ्या वादात कुणी विचारलंसुद्धा नाही.

म्हणून ताब्याच्या रकान्यात मी अजून एक प्रश्न विचारतो: तो निघून गेल्यावर काय उरलं? पोस्ट विसरल्या जातात, मे २०२५ च्या शेवटी तो वॉशिंग्टनमधून बाहेर पडला, पण युएसएड परत आली नाही.

सरकारांशी वागणं शेजारी शेजारी ठेवा

मस्क स्वतःला अभिव्यक्ती स्वातंत्र्याचा कैवारी म्हणवतो, ते तपासायचं असेल तर एक देश घेऊन होत नाही. मे २०२३ मध्ये तुर्कस्तानात मतदानाच्या आदल्या दिवशी काही मजकूर तिथे दिसणार नाही असं कंपनीने मान्य केलं. ब्राझीलमध्ये उलट, न्यायमूर्ती अलेक्झांद्रे द मोराएस यांचे आदेश मानायला नकार, ३० ऑगस्ट २०२४ ला देशभर बंदी, आणि शेवटी दंड भरून, आदेश मानून ऑक्टोबरमध्ये परत चालू.

आणि आपल्याकडे? इथे मस्कवर टीका करणारे आणि त्याचे भक्त दोघेही अर्धीच गोष्ट सांगतात. सरकारच्या ब्लॉकिंग आदेशांविरुद्ध कर्नाटक हायकोर्टातली पहिली केस जुलै २०२२ ची, म्हणजे मस्कच्या आधीची, ती जून २०२३ मध्ये फेटाळली आणि कंपनीला ५० लाखांचा दंड झाला. जानेवारी २०२३ मध्ये बीबीसीच्या मोदींवरच्या माहितीपटाच्या लिंका सरकारच्या सांगण्यावरून काढल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये शेतकरी आंदोलनाच्या वेळी अकाउंटं भारतात बंद केली पण आम्हाला हे पटत नाही असं जाहीर सांगितलं. मार्च २०२५ मध्ये सहयोग पोर्टलविरुद्ध, म्हणजे मजकूर काढायच्या सरकारी सूचना जिथून येतात त्याविरुद्ध, परत कोर्टात गेले, २४ सप्टेंबर २०२५ ला ती याचिकाही फेटाळली गेली. म्हणजे इथे कंपनी भांडली सुद्धा आणि ऐकलं सुद्धा, दोन्ही लिहा.

आता ह्याच काळातली दुसरी यादी. फेब्रुवारी २०२५ मध्ये मोदी वॉशिंग्टनला मस्कला भेटले. मार्चमध्ये एअरटेल आणि जिओचे स्टारलिंकशी, म्हणजे मस्कच्या उपग्रह इंटरनेटशी, करार. जूनमध्ये स्टारलिंकला लायसन्स. १५ जुलैला बीकेसीत टेस्लाचं देशातलं पहिलं शोरूम. नोव्हेंबरमध्ये महाराष्ट्र सरकारचं स्टारलिंकशी इरादापत्र, गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव, वाशिमसारख्या भागात इंटरनेट पोचवण्यासाठी. दोन याद्या शेजारी ठेवल्या की हात शिवशिवतात सौदा झाला असं लिहायला. लिहू नका. दोन गोष्टी एका वर्षात घडल्या हा पुरावा नाही, आणि ज्या महिन्यात एअरटेल जिओचे करार झाले त्याच महिन्यात एक्स सरकारविरुद्ध कोर्टात गेलं होतं हे सौद्याच्या गोष्टीत बसत नाही. पण प्रश्न मात्र लिहा: ज्याचा धंदा सरकारच्या लायसन्सवर आहे, त्याच्या हातात सरकारवर टीका करायची जागा पण असली तर उद्या वेळ आल्यावर तो कुणाचं ऐकेल? नंदुरबारच्या पाड्यावर इंटरनेट यायलाच पाहिजे, त्याबद्दल माझं दुमत नाही, फक्त दोर कुणाच्या हातात ते आपल्याला माहीत असावं.

स्वतःलाही तपासा

शेवटचं काम थोडं अवघड आहे. प्रत्येक नोंद लिहून झाली की मस्कचं नाव खोडून दुसरं नाव घालून वाचा. २०२० मध्ये झुकरबर्ग दांपत्याने निवडणूक कार्यालयं चालवायला मिळून सुमारे ४० कोटी डॉलर दिले होते, तेव्हा "निवडणूक विकत घेतली" म्हणून ओरडणारे बरेच जण २०२४ मध्ये गप्प होते, आणि तेव्हा त्यात काही गैर न वाटलेले २०२४ मध्ये ओरडत होते. दोन्हीत फरक आहेच, एक पैसा मतदान केंद्रं चालवायला होता आणि दुसरा एका उमेदवाराला जिंकवायला, पण तो फरक आपण शोधून काढला का फक्त आपल्या बाजूला सोयीचं म्हणून बोललो, हे ज्याचं त्याला कळतं. मी स्वतः विस्कॉन्सिनच्या निकालावर इतका खूश झालो होतो की त्या पानावर मी "ताकद संपली" असं लिहिलं होतं, मोठ्या अक्षरात, पेनाने. ते चूक होतं, त्याच आठवड्यात त्याची माणसं सरकारी खात्यांत बसलेली होती.

ग्रुपवर वाद सुरू झाला की मी आता मत मांडत नाही, भाच्याला आणि काकांना एकच विचारतो, तारीख सांगा, आणि त्या तारखेनंतर कुणी काय वेगळं केलं ते सांगा. भाच्याने परवा पहिल्यांदाच नाव, तारीख, आधीचा आकडा असं तिन्ही लिहून पाठवलं. काकांनी अजून पाठवलेलं नाही, पण वही कुठल्या दुकानातून घेतली ते विचारलंय.